तारा निवताना: केएस १७३१-२६० च्या तापमानाचा माग

न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेल्या अतिघन गोळ्याच्या, पृष्ठभागाखाली काय दडले आहे हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे तो तापल्यानंतर कसा निवतो हे वर्षानुवर्षे पाहत राहणे. तापवण्याचे काम निसर्ग करतो, पाहण्याचे काम क्ष-किरण दुर्बिणी करतात, आणि त्या दुर्बिणींनी टिपलेल्या मोजक्या फोटॉनांमधून तापमान काढण्याचे काम माझ्यासारख्या संशोधन करणाऱ्यांच्या वाट्याला येते. माझ्या संशोधनाचा पहिला मोठा टप्पा म्हणून मी केएस १७३१-२६० या ताऱ्याची सार्वजनिक संग्रहात उपलब्ध असलेली निरीक्षणे पुन्हा मुळापासून तपासली. या ताऱ्याच्या निवण्याचे आलेख आधीच प्रसिद्ध झालेले होते. मला पाहायचे होते ते हे, की त्या आलेखावरचा प्रत्येक बिंदू नेमका कुठून येतो, त्यात ताऱ्याचे म्हणणे किती असते आणि आपण धरलेल्या गृहीतकांचा वाटा किती असतो. हे काम करताना मला जे समजत गेले ते येथे लिहिते आहे.

हा तारा ऑगस्ट १९८९ मध्ये सोव्हिएत मीर अवकाशस्थानकाच्या क्वांत कक्षावरील दुर्बिणीला प्रथम दिसला. तो एका साध्या सोबती ताऱ्याकडून वायू ओढून घेत होता आणि त्याचे हे संचयन सुमारे साडेबारा वर्षे अखंड चालू राहिले. सेकंदाला अंदाजे १०^१७ ग्रॅम या वेगाने हिशेब केला, तर एवढ्या काळात त्याच्यावर पडलेला पदार्थ आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या निम्म्याच्या आसपास जातो. २००१ च्या सुरुवातीला हा ओघ थांबला. पडणाऱ्या वायूचा लखलखाट मावळला आणि त्यानंतर दिसू लागला तो ताऱ्याचा स्वतःचा तप्त पृष्ठभाग.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. वायू पृष्ठभागावर आदळतो तेव्हा प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) सुमारे २०० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) इतकी प्रचंड ऊर्जा सुटते, पण ती जवळजवळ सगळी तिथल्या तिथे क्ष-किरणांच्या रूपाने निघून जाते आणि ताऱ्याच्या आत पोहोचत नाही. आतला भाग तापतो तो वेगळ्याच कारणाने. नव्या पदार्थाच्या भाराखाली जुना पदार्थ खोल खोल दाबला जातो, तिथे अणुकेंद्रे इलेक्ट्रॉन गिळतात, घनता घनसेंटिमीटरला सुमारे ४ × १०^११ ग्रॅमच्या पुढे गेली की त्यांच्यातून न्यूट्रॉन पाझरू लागतात, आणि आणखी खाली निव्वळ घनतेच्या दाबाने अणुकेंद्रांचे मीलन होते. १९९० मध्ये हेन्सेल आणि झ्दुनिक यांनी या अभिक्रियांचा हिशेब मांडला. पुढच्या गणितांनुसार या साखळीतून न्यूक्लिऑनमागे दीड ते दोन एमईव्ही उष्णता मिळते. पृष्ठभागावरच्या ऊर्जेच्या तुलनेत हा एक शतांश भाग झाला, पण ही उष्णता सुमारे एक किलोमीटर जाडीच्या घन कवचाच्या आत अडकते आणि कवच गाभ्यापेक्षा गरम होते. संचयन थांबले की हा साठा हळूहळू बाहेर आणि आत, दोन्हीकडे झिरपतो.

२७ मार्च २००१ रोजी चंद्रा दुर्बिणीने या ताऱ्याकडे पाहिले तेव्हा तो अपेक्षेपेक्षा मंद निघाला. दिसणारे तेज गाभ्याचे मानले, तर इतक्या थंड गाभ्याचा अर्थ असा होत होता की तारा दोन उद्रेकांच्या, म्हणजे वायू पडत असण्याच्या दोन काळांच्या, मध्ये हजारो वर्षे शांत राहत असावा, नाहीतर त्याच्या गाभ्यातून, पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या न्यूट्रिनो कणांच्या वाटे उष्णता फार वेगाने निसटत असावी. रटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की इतक्या दीर्घ उद्रेकानंतर आपल्याला दिसते आहे ती बहुधा कवचाची उष्णता आहे आणि येत्या काही वर्षांत तारा निवताना दिसला पाहिजे. एखाद्या भाकिताची परीक्षा एखाद्या शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीत पुरी व्हावी, अशी संधी खगोलशास्त्रात क्वचितच मिळते. हा तारा निवडण्यामागे माझे हेच कारण होते.

निरीक्षणे निवडताना आपल्याच ॲस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहाचा विचार मनात आला होता, कारण त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेली आहे आणि उद्रेकात असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी ती उत्तम काम करते. मात्र शांत झालेला हा तारा तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो सुमारे ७ किलोपार्सेक (तेवीस हजार प्रकाशवर्षे) दूर, आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला आहे, आणि त्याच्या जवळच आणखी एक क्ष-किरण स्रोत आहे. दोघांना स्वच्छ वेगळे करण्यासाठी चंद्रा दुर्बिणीच्या अर्ध्या कमानसेकंदाच्या (कमानसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) तीक्ष्णतेला पर्याय नाही. युरोपच्या एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीचा आरसा मोठा असला तरी त्याची प्रतिमा अधिक पसरट असते, म्हणून तिच्या बाबतीत शेजाऱ्याच्या प्रकाशाचा वाटा काळजीपूर्वक वगळावा लागला.

संग्रहातून फाइली उतरवल्यावर पहिले काम पुनर्प्रक्रियेचे असते. दुर्बिणीने नोंदवलेल्या प्रत्येक घटनेला वेळ, जागा आणि ऊर्जा असते, पण ऊर्जेचे मूल्य त्या काळच्या अंशांकनानुसार (उपकरणाच्या मापाच्या पडताळणीनुसार) ठरवलेले असते आणि अंशांकन दरवर्षी सुधारत जाते. २००१ ची आणि २०१५ ची निरीक्षणे एकाच आलेखावर मांडायची असतील, तर ती एकाच मोजपट्टीवर आणल्याशिवाय तुलनेला अर्थ राहत नाही. त्यानंतर पार्श्वभूमीचा वेळेनुसार आलेख काढून, प्रोटॉनांच्या मार्‍यामुळे जिथे उसळी दिसत होती तो काळ कापून टाकला. एक्सएमएम-न्यूटनच्या बाबतीत यात निरीक्षणाचा बराच वेळ हातचा गेला, पण मंद ताऱ्यासाठी गढूळ वेळ ठेवण्यापेक्षा थोडा स्वच्छ वेळ ठेवणे बरे असते.

या टप्प्यावर ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला ती चंद्रा दुर्बिणीच्या कॅमेऱ्याशी संबंधित आहे. या कॅमेऱ्यासमोरच्या पातळ गाळणीवर प्रक्षेपणानंतरच्या वर्षांत कार्बनी पदार्थांचा थर साचत गेला आहे आणि तो कमी ऊर्जेचे फोटॉन, विशेषतः १ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) खालचे, शोषून घेतो. म्हणजे तारा जसाच्या तसा राहिला असता तरी वर्षागणिक त्याचे मृदू फोटॉन कमी दिसले असते. आपण शोधत आहोत तो परिणामही वर्षागणिक फोटॉन कमी होण्याचाच आहे. या थराची वाढ नियमित मोजली जाते आणि प्रत्येक निरीक्षणाच्या तारखेनुसार प्रतिसाद-फाइलीत (कोणत्या ऊर्जेचा फोटॉन उपकरण कसा नोंदवते याच्या तक्त्यात) ती धरली जाते. तरीही मी तारखा बदलून मुद्दाम चुकीच्या प्रतिसाद-फाइली तयार केल्या आणि तापमान किती हलते ते पाहिले. या ताऱ्यापुढे आंतरतारकीय वायूचा जाड पडदा असल्यामुळे त्याचे बहुतेक फोटॉन १ ते २ केईव्हीच्या पट्ट्यात येतात, आणि म्हणून थराचा परिणाम तापमानातल्या एकूण घसरणीच्या मानाने लहान राहतो, हे स्वतः तपासल्यावरच माझे समाधान झाले. माझ्या मते अशा कामात ही तपासणी ऐच्छिक मानता कामा नये.

पुढचा प्रश्न वर्णपटाचा. तप्त वस्तूचा वर्णपट म्हटला की कृष्णवस्तूचे, म्हणजे सर्व प्रकाश शोषणाऱ्या आदर्श तप्त वस्तूचे, सूत्र हाताशी येते, पण न्यूट्रॉन ताऱ्याला ते लावले तर उत्तर फसवे येते. तिथले गुरुत्व इतके प्रखर आहे की जड मूलद्रव्ये काही सेकंदांत खाली बसतात आणि वर शुद्ध हायड्रोजनचा, काही सेंटिमीटर जाडीचा थर उरतो. या हायड्रोजनमधून जास्त ऊर्जेचे फोटॉन अधिक सहज निसटतात, त्यामुळे ते खोलवरच्या गरम थरातून येतात आणि वर्णपट प्रत्यक्ष तापमानापेक्षा प्रखर दिसतो. कृष्णवस्तू धरल्यास तापमान दुपटीहून जास्त आणि ताऱ्याची त्रिज्या अवास्तव लहान येते. हायड्रोजन वातावरणाचे प्रतिमान लावले की दहा किलोमीटर त्रिज्येचा तारा जागेवर बसतो. मी दोन्ही करून पाहिले. दोन्ही वक्र त्याच बिंदूंमधून जवळजवळ सारख्याच सफाईने जात होते, म्हणजे कोणते प्रतिमान बरोबर हे केवळ जुळणीवरून ठरत नाही, भौतिकीवरून ठरवावे लागते.

फोटॉन कमी असले की प्रत्येक मोकळी राशी, म्हणजे जुळणीतून ठरवायची प्रत्येक संख्या, महाग पडते. मी वस्तुमान १.४ सूर्यभार, त्रिज्या १० किलोमीटर आणि अंतर ७ किलोपार्सेक असे स्थिर ठेवले. वाटेतल्या वायूचा पडदा सर्व निरीक्षणांसाठी एकच धरला, कारण काही वर्षांत त्यात फरक पडण्याचे कारण नाही. तो प्रत्येक वेळी मोकळा सोडला, तर जाड पडदा आणि गरम तारा ही जोडी पातळ पडदा आणि थंड तारा या जोडीसारखीच दिसू लागते व तापमानातील खरा बदल पडद्यातल्या खोट्या बदलात विरून जातो. मागाहून मी वस्तुमान आणि अंतर बदलून सर्व जुळण्या पुन्हा केल्या. सगळे बिंदू एकत्र वर किंवा खाली सरकतात, वक्राचा आकार मात्र फारसा बदलत नाही. कवचाची माहिती आकारात असल्यामुळे हा निकाल दिलासा देणारा होता. शेवटच्या निरीक्षणांतले फोटॉन इतके विरळ होते की नेहमीची काय-वर्ग चाचणी तिथे लागू पडत नाही, म्हणून पॉयसाँ वितरणावर आधारलेली सांख्यिकी वापरली.

दूरच्या निरीक्षकाला दिसणारे तापमान गुरुत्वीय ताम्रसृतीमुळे, म्हणजे प्रखर गुरुत्वातून बाहेर पडताना प्रकाशाची ऊर्जा घटल्यामुळे, पृष्ठभागावरच्या तापमानापेक्षा कमी असते. १.४ सूर्यभार आणि १० किलोमीटर या मूल्यांसाठी पृष्ठभागावरचे तापमान सुमारे १.३१ ने भागावे लागते. ही सुधारणा करून मांडलेले बिंदू प्रसिद्ध मूल्यांशी त्रुटीच्या मर्यादेत जुळले. मार्च २००१ मध्ये सुमारे १०३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे बारा लाख केल्व्हिन. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सुमारे ८९. २००३ मध्ये ७५ च्या आसपास, २००५ मध्ये ७० च्या आसपास, आणि मे २००९ मध्ये सुमारे ६३. तापमान चाळीस टक्क्यांच्या जवळपास उतरले याचा अर्थ ताऱ्याचे एकूण तेज सातव्या हिश्श्यावर आले, आणि आपल्या १ ते २ केईव्हीच्या खिडकीतून दिसणाऱ्या फोटॉनांची संख्या तर त्याहूनही कितीतरी अधिक घटली. २००९ च्या बिंदूची त्रुटीची दांडी कमी करायला दीर्घ निरीक्षण का लागले हे मला या हिशेबातून कळले.

बिंदू तयार झाल्यावर सर्वांत सोपे काम म्हणजे त्यांतून वक्र काढणे, आणि सर्वांत सहज फसण्याची जागाही तीच. २००५ पर्यंतचे बिंदू घेतले तर घातांकी घसरण आणि त्यापुढे सपाट रेषा असे चित्र छान बसते, साधारण वर्षभराच्या कालमानाचे. त्यावरून कवच निवून गाभ्याच्या बरोबरीला आले असे म्हणता येते. २००९ चा बिंदू मात्र त्या सपाट रेषेच्या खाली पडला. कॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की काळाच्या सुमारे -०.१२५ व्या घातानुसार उतरणारा वक्रही सर्व बिंदूंना जुळतो, म्हणजे तारा अजूनही निवत असू शकतो. प्रश्न सुटला तो २०१५ च्या निरीक्षणांनी. मेरिट आणि सहकाऱ्यांना तापमान ६४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ मिळाले, म्हणजे घसरण थांबली होती. एवढ्या मोठ्या शृंखलेत शेवटचे एकच निरीक्षण दोन निष्कर्षांमध्ये निवाडा करते, आणि ते घेण्यासाठी चौदा वर्षे थांबण्याची तयारी असणारी माणसे लागतात. त्या धीराबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

नुसते वक्र बाजूला ठेवून उष्णतेच्या विसरणाचे समीकरण प्रत्यक्ष सोडवायला घेतल्यावर मला या विषयाचा खरा गाभा सापडला. त्यासाठी खुली उपलब्ध असलेली आज्ञावली वापरली. कवचाचे अनेक थर करायचे, प्रत्येक थराची उष्णताधारकता आणि वाहकता द्यायची, साडेबारा वर्षे आतून तापवायचे आणि मग उष्णता बंद करून पृष्ठभागाकडे पाहायचे. उन्हात तापलेल्या जाड दगडी भिंतीला संध्याकाळी हात लावला तर आधी वरच्या थराची ऊब लागते आणि मध्यरात्रीनंतर जी लागते ती आतल्या दगडाची असते; येथेही तसेच घडते. उद्रेकानंतरचे पहिले आठवडे कवचाच्या वरच्या थरांबद्दल सांगतात, पहिली एकदोन वर्षे मधल्या थरांबद्दल, आणि शेवटची वर्षे न्यूट्रॉनांनी भरलेल्या आतल्या कवचाबद्दल. निवण्याच्या आलेखावरचा आडवा अक्ष काळाचा असला तरी तो वाचायचा खोलीचा म्हणून.

असे वाचल्यावर एकेक राशी आपापल्या जागी हलताना दिसते. आतल्या कवचातील अणुकेंद्रांची मांडणी किती नियमित आहे हे अशुद्धतेच्या निर्देशांकाने दाखवतात. स्फटिकात भलत्याच विद्युतभाराची केंद्रे विखुरलेली असली की इलेक्ट्रॉन अडखळतात आणि उष्णता हळू वाहते. हा निर्देशांक १०० च्या आसपास ठेवून पाहिला तर माझ्या संगणकावरचा तारा दशकानंतरही गरमच राहत होता. तो एक आकडी केला की वक्र बिंदूंवर येऊन बसत होता. कवच अस्ताव्यस्त, काचेसारखे असेल असा अंदाज आधी होता. निवण्याच्या वेगाने तो खोडून काढला आणि कवच बऱ्यापैकी शुद्ध स्फटिक असल्याचे दाखवले. श्टर्निन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आणि ब्राउन व कमिंग यांनी २००९ मध्ये हाच निष्कर्ष काढला होता. दुसरी राशी न्यूट्रॉनांची अतितरलता, म्हणजे घर्षणाशिवाय वाहण्याची अवस्था. आतल्या कवचातले मोकळे न्यूट्रॉन अतितरल नाहीत असे धरले, तर त्यांची उष्णताधारकता इतकी वाढते की निवणे फार लांबते. ते अतितरल मानले की हा बोजा उतरतो. वीसेक किलोमीटर व्यासाच्या, तेवीस हजार प्रकाशवर्षे दूरच्या वस्तूच्या आतील न्यूट्रॉन कोणत्या अवस्थेत आहेत हे मोजक्या फोटॉनांवरून सांगता येते, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

वरच्या थरांच्या बाबतीत मात्र गणित अपुरे पडले. पहिले दोन बिंदू जुळवायचे तर खोल कवचातली उष्णता पुरत नाही. बरीच वर, उथळ जागी आणखी एक उष्णतेचा स्रोत धरावा लागतो. बहुतेक ताऱ्यांना न्यूक्लिऑनमागे एक-दोन एमईव्ही पुरतात, पण मॅक्सी जे०५५६-३३२ या ताऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागतात. या उथळ उष्णतेचे कारण कोणाला ठामपणे सांगता आलेले नाही. केएस १७३१-२६० च्या बाबतीत एक वेगळी साक्ष आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहाने या ताऱ्यावर अनेक तास चाललेला महास्फोट पाहिला होता. असे स्फोट कार्बन पेटल्यामुळे होतात आणि कार्बन पेटायला वरचे थर प्रतिमानांतल्या तापमानापेक्षा बरेच गरम असावे लागतात. दोन अगदी वेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून उथळ उष्णता ही केवळ जुळणी साधण्याची पळवाट आहे असे मला वाटत नाही. अडचण अशी की या ताऱ्याचे पहिले निरीक्षण उद्रेक संपल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी झाले आणि उथळ थरांची कहाणी तोवर बरीचशी सरून गेली होती. राशींच्या शक्य मूल्यांचे संगणकीय नमुने काढून पाहिले तेव्हा उथळ स्रोताची खोली आणि ताकद एकमेकांत गुंतून एक लांबट पट्टा तयार झाला. तो पट्टा तोडायला पहिल्या काही दिवसांतले बिंदूच हवेत.

खोल कवचातील उष्णतेचा आकडाही आता पूर्वीइतका निश्चित राहिलेला नाही. गुसाकोव्ह आणि चुगुनोव्ह यांनी २०२० पासून मांडलेल्या विचारानुसार आतल्या कवचातले मोकळे न्यूट्रॉन एका जागी अडकून न राहता वरखाली सरकतात आणि त्यामुळे मिळणारी उष्णता जुन्या आकड्यापेक्षा बरीच कमी होते. मी तो कमी आकडा घालून पाहिला. वक्र जुळवता येतो, पण मग उथळ स्रोताकडून जास्त अपेक्षा करावी लागते, म्हणजे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते.

या प्रश्नावर एकाच ताऱ्याचे दोन उद्रेक तपासणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, कारण तिथे वस्तुमान, त्रिज्या, अंतर आणि कवचाची शुद्धता आपोआप सारखी राहते आणि बदलतो तो फक्त तापवण्याचा काळ व जोर. एमएक्सबी १६५९-२९ हा तारा १९९९ ते २००१ आणि पुन्हा २०१५ ते २०१७ असा उद्रेकात होता. पारीख आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की दोन्ही वेळचे निवणे एकाच कवचाने आणि जवळजवळ तेवढ्याच उथळ उष्णतेने समजावता येते. त्याच ताऱ्याच्या थंड गाभ्यावरून २०१८ मध्ये ब्राउन आणि सहकाऱ्यांनी असाही निष्कर्ष काढला की त्याच्या गाभ्याच्या लहानशा भागात तरी न्यूट्रिनोंचे जलद उत्सर्जन चालू असले पाहिजे. दुसरीकडे एक्झो ०७४८-६७६ हा तारा १९८५ पासून २००८ पर्यंत उद्रेकात राहून शांत झाला आणि जून २०२४ मध्ये पुन्हा जागा झाला. आधीच्या दोन दशकांहून लांब उद्रेकानंतर तो कसा निवला याचा तपशीलवार आलेख आपल्याकडे आहे. त्याची जुनी निरीक्षणे मी आता याच पद्धतीने, त्याच अंशांकनावर आणि त्याच वातावरण-प्रतिमानाने पुन्हा मोजायला घेतली आहेत, म्हणजे नव्या उद्रेकानंतरचे बिंदू पहिल्या आठवड्यांपासून त्यांच्या शेजारी मांडता येतील.